पूर, खारं पाणी, ऊन सगळं सोसणारं एकच भात का निघत नाही?

प्रश्न थोडक्यात असा होता: "वडिलांची पेण तालुक्यात खाडीलगत दीड एकर भातशेती आहे. दोन वर्षांपूर्वी बांध फुटून खारं पाणी शिरलं, गेल्या वर्षी ऐन कापणीत पाऊस आला. बातम्यांत सारखं येतं की बदलत्या हवामानाला टिकणारा तांदूळ आला. मग सगळं सोसणारं एकच वाण का मिळत नाही, आणि एक वाण काढायला दहा-बारा वर्षं का लागतात?"

तीस-बत्तीस वर्षं भाताच्या ब्रीडिंगमध्ये, म्हणजे नवी वाणं काढण्यात, काढली, त्यातली बरीचशी कोकणात गुडघाभर चिखलात. आता रिटायर आहे, वेळ आहे, त्यामुळे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे लोकांना वाटतं की सोसणारं भात शोधणं हेच अवघड काम आहे. नाही हो. ते आपल्याकडे आधीपासून आहे. तुमच्या आजोबांनी काळा राता नाहीतर भुरा राता नक्की लावला असणार, विचारा वडिलांना. लाल तांदूळ, खारं पाणी सोसायचा, पेज एक नंबर. मग गेला का? कारण उंच वाढायचा, जरा वारा सुटला की लोळायचा, खत टाकलं की आणखी लोळायचा, आणि मळणी केल्यावर पोती मोजली की तोंड उतरायचं. शेतकऱ्याने तो सोडला तो काही वेडेपणाने नाही. अवघड आहे ते हे, की त्या रात्यातला खार सोसायचा गुण तेवढा उचलायचा आणि बाकीचं सगळं तिथल्या तिथे ठेवायचं. माझी अख्खी नोकरी ह्यातच गेली असं म्हणा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोकणातलं नाही, ओडिशातलं आहे, आणि ते नीट समजलं की तुमचे दोन्ही प्रश्न सुटतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिकडे धालापुट्टिया नावाचं जुनं गावठी भात होतं, त्यातून निवडलेली एक लाइन (एकसारख्या झाडांचा वाणाआधीचा वंश) म्हणजे एफआर १३ ए. पुरात दहा-बारा दिवस अख्खं बुडालं तरी पाणी ओसरल्यावर परत उठायचं. साधं भात बुडालं की काय करतं, तर जीव घेऊन वर वाढायला बघतं. पाण्यात इथिलीन वायू झाडातच कोंडतो, झाडाला वाटतं वाढायला पाहिजे, मग सगळी साठवलेली साखर खर्च करून लांब लांब पानं काढतं आणि पाणी उतरल्यावर सुतासारखं आडवं पडतं, उठायला अंगात काही शिल्लकच नसतं. एफआर १३ ए मात्र पाण्याखाली गप्प बसून राहतं. वाढत नाही, खर्च करत नाही. (आसाम-बांगलादेशात याच्या बरोबर उलटं खोल पाण्याचं भात असतं, ते पाण्याबरोबर काही मीटर वर वाढत जातं. तिथे पाणी महिनोन्‌महिने राहतं म्हणून तिथे ते चालतं, आठवड्याभराच्या पुरात तेच उलट नडतं.)

आता गंमत बघा. हे भात शास्त्रज्ञांना केव्हापासून माहीत होतं, फिलिपिन्समधल्या इरीत (आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत) त्याचे दुसऱ्या भातांशी क्रॉस, म्हणजे संकर, सत्तरच्या दशकापासून चालू होते, पूर सोसणाऱ्या लाइन निघाल्या सुद्धा. पण शेतकऱ्याने घेतल्या नाहीत. कारण दाणा त्याला हवा तसा नव्हता, उत्पादन त्याच्या नेहमीच्या वाणाइतकं नव्हतं. पूर काही दरवर्षी येत नाही हो, आणि तांदूळ मात्र दरवर्षी खायचा आणि विकायचा असतो.

मग १९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल ह्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ह्या गुणाचा मोठा भाग ९ व्या गुणसूत्रावर एकाच जागी आहे, तिला नाव दिलं सब१. २००६ मध्ये पामेला रोनाल्ड आणि ह्या दोघांच्या टीमने त्यातला नेमका जीन कोणता ते दाखवलं. आणि मग खरी हुशारी केली ती ही, की नवीन वाण काढायच्या भानगडीत न पडता शेतकऱ्याच्या आवडीचं, लाखो हेक्टरवर आधीच असलेलं स्वर्णा घेतलं. स्वर्णा म्हणजे आंध्रातल्या मारुटेरू केंद्राचं एमटीयू ७०२९, पूर्व भारतात घराघरात. त्यात फक्त सब१ चा तुकडा घातला. स्वर्णा गुणिले सब१ असलेलं भात, जे येईल त्याला परत स्वर्णाशी क्रॉस, परत स्वर्णाशी. पहिल्या क्रॉसमध्ये स्वर्णाचा वाटा ५० टक्के, पहिल्या बॅकक्रॉसला ७५, मग ८७.५, मग ९३.७५. आणि प्रत्येक वेळी पानाचा तुकडा घेऊन डीएनए मार्करने, म्हणजे जीनजवळच्या खुणेवरून, बघायचं की सब१ आहे ना, आणि बाकी ठिकाणी स्वर्णाच जास्तीत जास्त कुठल्या रोपात परत आलाय. मार्कर नसते तर हेच काम रोपं टाकीत बुडवून, मेलेली मोजून, जगलेली पुढे नेऊन करायला लागलं असतं आणि त्यात दुप्पट वर्षं गेली असती. स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. ओडिशात शेतकऱ्यांच्या शेतावर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला, १० दिवस बुडीत झाल्यावर साध्या स्वर्णापेक्षा साधारण ४५ टक्के जास्त उत्पादन, आणि पूर नाही आला तर नुकसान काही नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली जी मला आकड्यापेक्षा जास्त लक्षात राहिली, की सखल, बुडणाऱ्या जमिनी दलित-मागास कुटुंबांकडे जास्त आहेत, म्हणजे हे बियाणं खरं ज्याला लागतं तो कोण ते कळलं.

एवढं सगळं सरळ असूनही एक खोड राहिलीच. स्वर्णाचं तूस सोनेरी असतं, नावच त्यावरून. स्वर्णा-सब१ चं तूस साधं गवती रंगाचं. का, तर सब१ च्या शेजारीच तुसाचा रंग दाबणारा जीन बसलाय, तो बरोबर आला. तांदूळ तोच, भात तोच, पण पोतं उघडून बघणाऱ्या व्यापाऱ्याला वाटणार की हे स्वर्णा नाही.

ह्या शेजाऱ्याबरोबर येण्याला आमच्यात लिंकेज ड्रॅग म्हणतात आणि सगळी वर्षं इथे जातात. दुष्काळाचं तर आणखी भारी आहे. पहिल्या गुणसूत्रावर दुष्काळात उत्पादन टिकवणारी एक जागा आहे, आणि तिच्या अगदी जवळ आहे भाताला बुटकं करणारा तो प्रसिद्ध जीन, ज्याच्यावर आयआर ८, जया आणि पुढची भातातली सगळी हरितक्रांती उभी राहिली. दुष्काळ सोसायचा भाग उंचपणाच्या बाजूला चिकटलेला. म्हणजे आम्ही ब्रीडर लोकांनी पन्नास वर्षं बुटकं झाड बघून निवडलं आणि प्रत्येक निवडीत नकळत दुष्काळ सोसायचा गुण बाहेर टाकत राहिलो. कुणाची चूक नव्हती, डोळ्याला दिसत नव्हतं ते. पुढे इरीच्या लोकांनी हजारो रोपं तपासून ती जोडी तोडलेली रोपं शोधली, बुटकी पण दुष्काळ सोसणारी.

दुष्काळाच्या ब्रीडिंगमध्ये आणखी एक चूक बरीच वर्षं चालली होती. मुळं मोजा, पानं गुंडाळतात का बघा, मेण किती आहे बघा, आणि मग त्यावरून निवडा. कागदावर सुंदर. शेवटी लक्षात आलं की सरळ पाणी तोडा आणि जे उरेल ते कापून वजन करा, तोच उत्तम निकष. ह्या वाटेने झारखंडातल्या हजारीबागच्या केंद्रातून सहभागी धान आलं, २०१० मध्ये. नाव सहभागी यासाठी की शेतकऱ्यांना बरोबर घेऊन निवड केली होती.

बरं, दहा-बारा वर्षं का. क्रॉस करणं म्हणजे काय ते एकदा बघायला पाहिजे तुम्ही. भाताचं फूल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं, आत सहा पुंकेसर, आणि स्वतःच स्वतःला फळवून मोकळं होतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी लोंबीतल्या एकेका फुलाचं वरचं टोक कात्रीने कापायचं, सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने नाहीतर सक्शनने काढायचे, कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या भाताची फुलं उघडली की ती लोंबी त्यावर झटकायची. परागकण काही मिनिटंच जिवंत असतो, म्हणून फोन वाजला तरी घ्यायचा नाही. शंभर फुलं कापली तर वीस-तीस दाणे मिळाले की आम्ही खूश. आणि तो दाणा अर्धा उघडा दिसतो, कापलेल्या तुसातून डोकं बाहेर काढल्यासारखा, त्यावरून ओळखायचा की हा क्रॉसचा. मग पुढे सहा-सात पिढ्या लागतात ते सगळं स्थिर व्हायला, नाहीतर एका वाफ्यात एक झाड कमरेएवढं आणि एक ढोपराएवढं. त्यानंतर देशभरातल्या केंद्रांवर तीन वर्षं ट्रायल, मग प्रसारण, राजपत्रात नाव, मग बियाणं वाढवायचे टप्पे, पैदासकार, पायाभूत, प्रमाणित. हल्ली नियंत्रित उजेड-तापमानात वर्षाला चार-पाच पिढ्या घेतात, इरीच्या वाराणसीच्या केंद्राने ते करून दाखवलंय, त्याने पिढ्यांचा वेळ वाचतो. ट्रायलचा नाही वाचत. तीन पावसाळे बघायचे म्हणजे तीन पावसाळे जायलाच पाहिजेत.

आता तुमच्या खारजमिनीकडे येतो, कारण एकच वाण सगळं का सोसत नाही याचं उत्तर मला तिथेच मिळालं, तेही तोंडावर आपटून.

केरळमध्ये पोक्काली नावाचं खारं पाणी सोसणारं जुनं भात आहे. त्यातली साल्टॉल नावाची जागा पहिल्या गुणसूत्रावर, ती झाडात सोडियम-पोटॅशियमचा तोल सांभाळते, जगभर वापरतात. आम्ही पण एकदा अशा रक्ताच्या काही लाइन एका खारजमिनीत लावल्या. रोपं बघाल तर काय सांगू, शेजारचं साधं भात पिवळं पडलेलं आणि आमच्या ओळी हिरव्यागार, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले, वरिष्ठांना घेऊन जाऊन दाखवलं. ऑक्टोबरात पाऊस लवकर थांबला. जमीन वरून सुकायला लागली की खालचं मीठ वर चढतं, हे तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. नेमकं भात निसवण्याच्या वेळेला. लोंब्या बाहेर आल्या त्या ताठ उभ्या, म्हणजे आत काही नाही, निम्म्याच्या वर पळंज. एका बाईने, तिच्याच शेतात प्लॉट होता, लोंबी हातात चोळून फुंकर मारली, सगळं उडून गेलं, आणि म्हणाली, "सायेब, ह्यो हिरवा चारा बरा हाय." काय बोलणार. साल्टॉल रोपावस्थेत काम करतो, फुलोऱ्यातला खार सोसायचा तर त्याचं कामकाज वेगळं आहे, जीन वेगळे आहेत. पुस्तकात वाचलं होतं हो मी ते, पण ट्रायलची जागा आणि निवडीची वेळ ठरवताना ते डोक्यात नव्हतं. साध्या भाताचं उत्पादन मातीची ईसी, म्हणजे खारटपणाचं माप, ३ च्या वर गेली की घसरायला लागतं, आणि ती ईसी जूनमध्ये वेगळी, ऑगस्टमध्ये पावसाने धुऊन निघून वेगळी, ऑक्टोबरात परत वेगळी. खार म्हणून एक ताण नसतो. पूर म्हणून पण नसतो, सब१ वाल्या भाताचं बी पेरल्याबरोबर बुडालं तर तो जीन कामाला येत नाही, आणि गुडघाभर पाणी दोन महिने साचून राहिलं तर गप्प बसायची सवय उलट नडते. टाकीतल्या स्वच्छ पाण्यात बारा दिवस काढणारं रोप गढूळ पाण्यात, जिथे उजेडच पोचत नाही, तिथे लवकर मरतं.

गोव्यात खाजण, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या, जमिनीत तिथल्या शास्त्रज्ञांनी जरा वेगळा रस्ता धरला आणि मला तो पटतो. गुण उचलून दुसरीकडे न्यायच्या ऐवजी कोरगुट ह्या तिथल्याच खार सोसणाऱ्या गावठी भातातून चांगल्या लाइन निवडून काढल्या, ओल्ड गोवा इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्राने, गोवा धान १ आणि २. उत्पादनाची झेप मोठी नसते अशात, पण जे भात त्या मिठात पिढ्यान्‌पिढ्या राहिलंय त्याला जूनही माहीत आहे आणि ऑक्टोबरही. विदर्भात दादाजी खोब्रागड्यांनी चंद्रपूरच्या नांदेड गावात पटेल ३ ह्या वाणाच्या शेतातून वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी काढलं, तेही निवडच. लॅब नव्हती त्यांच्याकडे, नजर होती.

कापणीतल्या पावसाचं. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस क्यार वादळ आलं तेव्हा कोकणात कापलेलं भात शेतात भिजून त्याला मोड आले होते, तुम्हाला आठवत असेल. कोकणाला बदलत्या हवामानाचा खरा फटका हा बसतोय असं माझं मत, पूर आणि दुष्काळाच्या बातम्या मोठ्या होतात पण इकडे हातातोंडाशी आलेला घास जातो. आणि यात जुनं गरवं (उशिरा पिकणारं) भात आपल्यापेक्षा हुशार होतं. ते दिवसाच्या लांबीवर चालायचं, लावणी पंधरा दिवस मागे-पुढे झाली तरी दिवस लहान होऊ लागले की ठरल्या वेळेलाच निसवायचं, पाऊस उघडीप देतो त्या हिशोबाने. आम्ही ते काढून टाकलं, कारण १२० दिवसांचं भात कधीही लावा १२० दिवसांतच यायला पाहिजे, दोन पिकं घेता यायला पाहिजेत. आता पावसाचंच टाइमटेबल बिघडलं तर त्या जुन्या घड्याळाचा तरी किती उपयोग, ह्यावर आमच्यात वाद आहेत. पण दुसरा एक गुण नक्की परत आणता येतो, तो म्हणजे बियाची सुप्तावस्था. दाणा पिकल्यावर दोन-तीन आठवडे भिजला तरी मोड येऊ द्यायचा नाही. पण सुप्तावस्था जास्त झाली तर वायंगणाला (उन्हाळी भाताला) तेच बी लगेच पेरायचं म्हटलं तर उगवत नाही, शेतकरी शिव्या घालतो. म्हणजे तिथेही मोजूनमापूनच.

उन्हाचं थोडक्यात. भाताला रोपपणी ऊन लागलं तर फारसं बिघडत नाही, पण फूल उघडतं त्या तासा-दीड तासात ३५ डिग्रीच्या वर गेलं की परागकण फुकट जातात आणि दाणा पोचट. रात्रीची उष्णता तर डोळ्याला दिसतही नाही. इरीच्या शेतावरच्या १९९२ ते २००३ च्या उत्पादनाच्या नोंदींवरून २००४ मध्ये निघालं की उन्हाळी हंगामात रात्रीचं किमान तापमान १ डिग्री वाढलं की उत्पादन १० टक्के घटतं. यावर एक मस्त युक्ती चालू आहे, एका रानटी भातातून सकाळी लवकर फूल उघडायचा गुण घ्यायचा, म्हणजे ऊन चढायच्या आत लग्न लागून मोकळं.

बातम्यांत जे येतंय ते बहुतेक मे २०२५ चं, जीनोम एडिटिंगने केलेली दोन वाणं जाहीर झाली. सांबा महसुरी ह्या वाणावरून केलेलं डीआरआर धान १००, ज्याला कमला पण म्हणतात, आणि एमटीयू १०१० वरून पुसा डीएसटी राइस १. कमला लवकर पिकतं आणि जास्त पिकतं, दुसरं खार आणि कोरडं सोसतं असं आयसीएआरचं म्हणणं. आकड्यांवर वाद चालू आहे. तंत्र मला आवडलंय, लपवत नाही, कारण शेजारी बरोबर यायची भानगड नाही, आहे त्याच वाणात नेमक्या एका जीनमध्ये बदल करायचा. पण तुमच्या वडिलांनी ते पेणला लावावं का, तर इतक्यात नाही. तिथल्या चिखलात, तिथल्या ऑक्टोबरात दोन-तीन वर्षं दिसू दे.

तर तुमच्या दीड एकराचं. वाणाच्या आधी बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार) बघा. उघाडीच्या फळ्या कुजल्या असतील तर जगातलं कुठलंही भात तुम्हाला वाचवणार नाही. एप्रिल-मेमध्ये माती तपासायला द्या, मीठ सगळ्यात जास्त तेव्हाच असतं, आणि रिपोर्ट न बघता जिप्सम टाकू नका, समुद्राच्या खाऱ्या जमिनीला बहुतेक वेळा पावसाचं गोडं पाणी अडवून धुऊन काढणं पुरतं. खाचराला जूनचे एक-दोन चांगले पाऊस धुऊ द्या, मग लावणी. रोप नेहमीपेक्षा जास्त दिवसांचं घ्या, महिन्याचं तरी, आणि चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच्या जागी चार-पाच रोपं, निम्मी मेली तरी जागा रिकामी राहत नाही. रहू टाकत असाल, म्हणजे मोडाचं बी चिखलावर फेकत असाल, तर खारीच्या वर्षी ते टाळा. वाण म्हणाल तर पनवेल १, २, ३ ही खारजमिनीसाठीच काढलेली आहेत, त्यातलं एक अर्ध्याहून जास्त क्षेत्रात लावा. वडिलांकडे किंवा शेजाऱ्याकडे कुठे रात्याचं बी अजून असेल तर दोन गुंठ्यात तेही लावा, सगळ्यात खारट कोपऱ्यात. स्वर्णा-सब१ च्या मागे लागू नका, ते १४० दिवसांच्या वरचं आहे आणि तुमच्याकडे पाणी आठवडाभर साचत नाही, एक-दोन दिवसांत उतरतं. कापणी मात्र लोंब्या ८०-८५ टक्के सोनेरी झाल्या की करा, बुडाचे चार दाणे हिरवे दिसतात म्हणून आठ दिवस थांबू नका, आणि त्या आठवड्यात पावसाचा अंदाज असेल तर ताडपत्री आधी आणून ठेवा. रात्याचं बी मिळालं तर सगळ्यात ताठ न लोळलेली पंचवीसेक झाडं ओळखून दोरा बांधा, त्यांच्या लोंब्या वेगळ्या ठेवा, आणि पुढच्या वर्षी काय दिसलं ते मला कळवा.